आरएक्स-८ सुरू होत नाही? आधी सांगा, गार असताना की गरम असताना

"गाडी सुरू होत नाही" एवढंच वाक्य रोटरीवाल्याने (म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं इंजिन असलेल्या गाडीच्या मालकाने) कुणालाच सांगू नये. रात्रभर उभी होती आणि सकाळी सुरू झाली नाही, का तीस-चाळीस किलोमीटर पळवून पंपावर बंद केली आणि मग सुरू झाली नाही, हे आधी सांगायचं, कारण हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे जातात, बोटं भाजतात आणि गाडी तिथेच उभी राहते. मी हा प्रश्न स्वतःला न विचारता दीड वर्ष घालवलं. आता सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील.

गाडी मझदा आरएक्स-८, २००६ चं मॉडेल, सहा गिअरची मॅन्युअल. मोठा भाऊ इंग्लंडात नोकरीला होता, तो परत येताना घेऊन आला, ड्युटी किती भरली हे आमच्या घरात आजही कुणी विचारत नाही. भाऊ पुढे बंगळुरूला गेला आणि गाडी माझ्या गळ्यात पडली, म्हणजे मीच मागून घेतली, खोटं कशाला बोलू. जळगावात हिचं बॉनेट उघडलं की दहा माणसं गोळा होतात. आमच्या शेजारी अमळनेरचे एक काका राहतात, त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "पिस्टनच नही शे? मंग फिरस काय?"

काकांचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून थोडक्यात. आत समोशासारखा फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर असतो, तो कमरेत किंचित आवळलेल्या अंड्याच्या आकाराच्या पोकळीत फिरतो, खलात बत्ता कडेकडेने घोटत फिरवावा तसा. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८. रोटरच्या तीन टोकांना एपेक्स सील, बाजूंना साइड सील आणि कोपऱ्यांना कॉर्नर सील, कम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवा-पेट्रोलाचा दाब, धरून ठेवायचं काम हीच बारीक सीलं करतात. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. प्रत्येक रोटरला दोन प्लग, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग, म्हणजे चार प्लग आणि त्यांना ठिणगीची वीज देणाऱ्या चार कॉइल. मझदाने १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून हा नाद लावून धरला, १९९१ ला याच जातीच्या चार रोटरच्या इंजिनाने ल मान्सची चोवीस तासांची रेस जिंकली, हे मी शेवभाजीच्या पंगतीत इतक्यांदा सांगितलंय की आता लोक ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसतात.

आता पहिला आजार.

चुलतभावाच्या हळदीचा दिवस होता, डिसेंबर, सकाळी चांगलीच थंडी (आमच्याकडे फक्त ऊनच असतं असं पुण्यामुंबईकडच्यांना वाटतं, पण डिसेंबरात कधीकधी पारा दहाच्या खाली उतरतो). मांडववाल्याचा टेम्पो आत घ्यायचा होता आणि मधे माझी गाडी. मी सुरू केली, वीस फूट पुढे घेतली, बंद केली. झालं. तासाभराने सेल्फ मारला तर इंजिन मस्त जोरात फिरतंय, "व्हर्रर्रर्र" असं, पण पेटायचं नाव नाही. मागे सायलेन्सरपाशी पेट्रोलचा भपकारा. मी काय केलं, तर अजून सेल्फ मारला. अजून मारला. बॅटरी बसेपर्यंत मारला. हे सगळे जण करतात आणि इथेच सगळं बिघडतं.

त्याचं असं होतं की गार इंजिन सुरू होताना कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. गाडी तेवढ्यात बंद केली की ते पेट्रोल जळत नाही, आतच राहतं, प्लग ओले होतात आणि सीलांवरचा तेलाचा पातळ थर धुतला जातो. तो थर गेला की सील कम्प्रेशन धरत नाहीत, कम्प्रेशन नाही तर पेटत नाही, आणि आपण प्रत्येक सेल्फला वरून आणखी पेट्रोल ओततोच आहोत. इंजिन फ्लड झालं म्हणतात ते हेच. आपल्या साध्या मारुतीतही प्लग ओले होतात, पण तिचे पिस्टन थोड्या वेळात सावरतात, रोटरी सावरत नाही.

त्या दिवशी मात्र मला यातलं काही माहीत नव्हतं. पाहुणे जमलेले, प्रत्येकाकडे सल्ला, शेवटी ट्रॅक्टर लावून ओढली. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि पन्नास फुटांवर सायलेन्सरमधून असा बार उडाला की हळदीच्या बायका ओरडत बाहेर आल्या, गल्लीभर पांढरा धूर, पण सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा हिशोब नंतर आला, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा डबा) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. दोन महिन्यांनी तिथून खुळखुळ आवाज यायला लागला. ओढून सुरू होते, हे खरंय. करू नका, हे पण खरंय.

इथून पुढे आप्पा आले. आप्पा भुसावळचे, लोको शेडमधून रिटायर झालेले, रोटरी त्यांनी आयुष्यात पाहिलेली नव्हती पण मशीन ऐकायचा कान जबरदस्त. आले, खुर्ची मागवली, म्हणाले, "मार सेल्फ." मी मारला. "बस. पुन्हा मार." मग मला म्हणाले, "गाडी सांगू राह्यली ना भो, तू ऐकू नाही राह्यला." इंजिनात दम असेल तर फिरताना ठेका येतो, कुठे जड कुठे हलकं असं, आणि हे तर रिकामं जातं फिरवल्यासारखं सरसर फिरतंय, म्हणजे आत काही दाबलंच जात नाहीये. खिशातून रुमाल काढून त्यांनी सायलेन्सरपाशी धरला, वास घेतला आणि म्हणाले, प्लग काढ.

तेव्हापासून गार असताना सुरू झाली नाही की मी हे करतो.

सगळ्यात आधी बॅटरी. इतकी साधी गोष्ट आहे म्हणूनच सगळे विसरतात. मीटर लावून बघा, उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी चार्ज करा नाहीतर बदला, बाकी काही करू नका. टर्मिनलवर पांढरी बुरशी असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा. अर्थिंगची पट्टीही घट्ट आहे का बघा. रोटरीला सुरू होताना वेग लागतो, साधारण २५० आरपीएमने (मिनिटाला २५० फेरे) इंजिन फिरलं पाहिजे, आणि बसकी बॅटरी तेवढं फिरवतच नाही. स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) घेऊन ठेवा, सेल्फ मारताना आरपीएम बघा. माझा आकडा १९० यायचा. (आकडा शून्यच दाखवत असेल तर ती वेगळी भानगड, मग पुढच्या पुलीजवळचा एक्सेंट्रिक शाफ्टचा, म्हणजे रोटर ज्याला फिरवतात त्या मधल्या दांड्याचा, सेन्सर आणि त्याचा कनेक्टर बघा. आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लपलपत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा, उगाच इंजिनाला हात लावू नका.)

बॅटरी ठीक असेल तर एक्सीलरेटर पूर्ण खाली दाबून ठेवा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. पूर्ण दाबला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, नुसती हवा आत जाते. मग थांबा, सेल्फची मोटर थंड होऊ द्या, निदान मिनिटभर तरी. असं दोन-तीनदा. थोडंच फ्लड झालं असेल तर एवढ्यावर फुरफुरत सुरू होते, तेव्हा घाबरून पाय काढू नका.

नाही झाली तर प्लग काढावेच लागतात. फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा (कुठला ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर असतं), कॉइलचे कनेक्टर काढायचे, हे विसरू नका, कारण प्लगच्या भोकातून पेट्रोल बाहेर उडणार आहे आणि तिथे ठिणगी पडली तर गाडी राहणार नाही आणि आपणही नाही. आमच्या गल्लीत बघायला येणाऱ्यांत एक तरी बिडीवाला असतोच, त्याला आधी पिटाळायचं. डावं पुढचं चाक जॅकवर घेऊन, नीट स्टँड लावून, चाक काढलं की प्लगपर्यंत हात जातो. वायरींवर चिठ्ठ्या चिकटवा, कारण लीडिंग आणि ट्रेलिंगचे प्लग वेगळे आहेत, लीडिंगला आरई७सी-एल आणि ट्रेलिंगला आरई९बी-टी, दिसायला भाऊ-भाऊ पण अदलाबदल चालत नाही.

पहिल्यांदा खालचा प्लग काढला तो दिवस मला आठवतो. काळाकुट्ट, ओला, टोकाला पेट्रोलचा थेंब लोंबत होता, बोटावर घेतला तर त्यात तेलाची चिकटाईसुद्धा नव्हती, नुसतं पेट्रोल. भोकासमोर जुन्या धोतराचा तुकडा धरला आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितला तर फुर्रकन फवारा उडाला, धोतरावर भाजीच्या तेलाचे डाग पडावेत तसे पिवळट करडे ठिपके. दुसऱ्या सेल्फला कमी. चौथ्याला नुसती हवा.

हवा आली की एक फुकटची तपासणी होते ती सोडू नका. फक्त खालचाच प्लग काढलेला ठेवून वरचा परत बसवा आणि सेल्फ मारताना कान द्या. "फुस-फुस-फुस, फुस-फुस-फुस" असे एकसारखे ठोके यायला हवेत, रोटरच्या तीन बाजूंचे तीन. "फुस-फुस-(काहीच नाही)" असं लंगडत आलं तर एका बाजूचं कम्प्रेशन गेलंय. आप्पा डोळे मिटून मोजतात, बोटाने खुर्चीवर ताल धरून. माझ्या गाडीचे पुढच्या रोटरचे ठोके छान होते, मागच्याचा एक जरा मऊ होता, आप्पांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हटलं, फ्लड झालीये, ओली आहे, म्हणून असेल. ही माझी चूक, पुढे नडली.

मग प्रत्येक रोटरच्या खालच्या भोकातून इंजिन ऑइल, चहाचा एक चमचा, मग सेल्फचा एक छोटा झटका, परत थोडं, म्हणजे तिन्ही बाजूंच्या सीलांना तेल पोचेल. जास्त ओतू नका, भजी तळायची नाहीत. कोरडे प्लग लावा, शक्यतो नवे, आधी हाताने पूर्ण आट्यांत बसवून मगच पाना लावा, कारण हाउसिंग अॅल्युमिनियमचं आहे आणि आटे गेले तर रडावं लागेल. कॉइल जोडा, फ्यूज लावा, शेजारच्याची गाडी चालू ठेवून जंपर लावा आणि मारा. सुरू झाली की पाच मिनिटं पांढरा निळा धूर निघेल, अग्निशमनला फोन करू नका, ते तेल जळतंय. अडीच-तीन हजारावर धरून धूर ओसरू द्या आणि मग मेहरूण तलावाला एक चांगली चक्कर मारून या, तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत.

आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, तर गार गाडी वीस फूट हलवायचीच नाही. ढकला. चार माणसं बोलवा, चहा पाजा, पण ढकला. सुरू केलीच तर निदान पाच मिनिटं चालू ठेवा, काटा उठू द्या, आणि बंद करायच्या आधी तीन हजारावर दहा सेकंद धरून मग बंद करा, म्हणजे आतलं पेट्रोल जळून जातं. आमच्या घरात आता गाडीची चावी देवघरात असते, पाहुण्यांपैकी कुणी "जरा मागे घेतो" म्हणून नये म्हणून.

एवढं सगळं शिकूनही त्या हिवाळ्यात ती अजून तीनदा फ्लड झाली, आणि वीस फुटांचं कारणही नव्हतं. हा भाग जरा नीट वाचा. एका रोटरला दोन प्लग असल्यामुळे एक कॉइल मेली तरी गाडी चालते, जरा आळशी होते, पेट्रोल जास्त पिते, पण चालते, म्हणून कळत नाही. कळतं ते गार सकाळी, कारण सुरू होताना खरं काम लीडिंगचं असतं, ते अर्धमेलं असलं की ट्रेलिंगच्या जिवावर इंजिन पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल साठतं. मी फ्लडचं औषध करत बसलो होतो आणि रोग कॉइलमध्ये होता. या गाडीच्या कॉइल ५०-६० हजार किलोमीटरला दमतात असं सगळेच मालक सांगतात, माझ्या मूळच्याच होत्या, ८१ हजारावर. चारी एकदम बदलल्या, एकेक बदलायची कंजुषी करू नका. त्यासोबत सेल्फची मोटर पण बदलली. सुरुवातीच्या मॉडेलांचा सेल्फ हळू फिरायचा, कंपनीने नंतर जास्त वेगाचा दिला, तोच मागवला. आरपीएम १९० वरून २६० ला गेला आणि सकाळची कटकट संपली. मी घरात पेढे वाटले.

पेढे घाईचे झाले. मे महिन्यात दुसरा आजार निघाला.

मुक्ताईनगरला गेलो होतो, कोथळीला मुक्ताबाईचं दर्शन घेतलं, परत येताना वरणगावच्या अलीकडे रसवंतीवर थांबलो. पारा चव्वेचाळीस, डांबर चपलेला चिकटतंय. रस पिऊन दहा मिनिटांत आलो, सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, पेटत नाही. पेट्रोलचा वास अगदी थोडा. मी फोन लावले, चार जणांना, चौघांनीही छातीठोक सांगितलं, फ्लड झालीये, प्लग काढ. आणि मी शहाणा, हायवेच्या कडेला, त्या उन्हात, तापलेल्या इंजिनात हात घालून प्लग काढले. उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं गेली. प्लग बघतो तर कोरडे! छान विटकरी रंगाचे, दृष्ट काढावी असे.

तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण ऊन जास्त होतं. लिंबाच्या सावलीत बसलो, रसवंतीवाल्याने अजून दोन ग्लास दिले, पाऊण तासाने सहज म्हणून प्लग लावून सेल्फ मारला तर पहिल्या दणक्यात सुरू.

आप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "गार झाल्यावर सुरू झाली ना? मंग ते पेट्रोल नाही भो, ते दम आहे."

दम म्हणजे कम्प्रेशन. गार इंजिनात तेल जाड असतं, झिजलेल्या सीलांच्या फटी तेच बुजवून टाकतं. इंजिन तापलं की तेल पाण्यासारखं पातळ होतं, फटी उघड्या पडतात, वर सेल्फची मोटरही तापून हळू फिरते, आणि २५० च्या खाली कम्प्रेशन आणखी पडतं. सुरू असताना मात्र इंजिन इतक्या वेगाने फिरतं की गळायला वेळच मिळत नाही, म्हणून गाडी पळताना काही जाणवत नाही. लोक म्हणतात चालते तर मस्त, मग इंजिन खराब कसं? रोटरीत हे असंच असतं. गरम असताना सुरू व्हायला कुरकुर करणं हीच तिची पहिली तक्रार.

तेव्हा गरम असताना सुरू झाली नाही तर प्लगला हात लावू नका. बॉनेट उघडा, सावली बघा, अर्धा-पाऊण तास थांबा. काही जण तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओततात आणि त्याने सुरू होतेही, मी नाही करत, तापलेल्या धातूवर पाणी मारायची माझी हिंमत होत नाही.

खरं निदान कम्प्रेशन टेस्टनेच होतं आणि इथेही एक फसगत आहे. पिस्टनच्या गाडीचा साधा गेज लावला तर तो तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगलीचाच आकडा धरून बसतो, बाकी दोन मेलेल्या असल्या तरी सांगत नाही. आमच्याकडे एका गॅरेजमध्ये तसाच लावून "इंजिन एकदम ओके" म्हणून पाठवलं होतं मला. रोटरीचा टेस्टर वेगळा असतो, तिन्ही बाजूंचे आकडे आणि त्यावेळचा आरपीएम दाखवतो. तो पुण्यात एकाकडे मिळाला.

आता जळगावहून पुण्याला जायचं, आणि गाडी गरम झाल्यावर बंद करायची नाही! पहाटे चारला निघालो, फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा घाट उजाडायच्या आत चढलो, चहाला आळीपाळीने उतरलो, एक जण कायम गाडीत. ६१ लिटरची टाकी आणि सात-आठचं अॅव्हरेज, हिशोबाने पोचतं, पण हिशोबाच्या काठावर. पंपावर इंजिन चालू ठेवून पेट्रोल भरता येत नाही, कुणी भरूही नये, म्हणून नगरच्या अलीकडे पंपावर बंद केली, भरलं, तिघांनी ढकलून बाजूला घेतली आणि चांगली दीड तास झोप काढली.

आकडे असे आले, २५० आरपीएमला, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. पुढचा रोटर ७.१, ७.०, ७.२. मागचा ६.३, ५.४, ६.२. कंपनीच्या हिशोबाने नव्याला ८.५ हवं, कमीत कमी ६.९, एकाच रोटरच्या बाजूंमध्ये फरक १.५ च्या आत आणि दोन रोटरमध्ये १.० च्या आत. म्हणजे पुढचा कसाबसा पास, मागचा नापास. त्या माणसाने एक छान गोष्ट सांगितली, एपेक्स सील गेलं तर शेजारशेजारच्या दोन बाजू एकदम पडतात, कारण एक सील दोन खोल्यांमधली भिंत असतं, आणि एकच बाजू पडली तर बहुतेक त्या बाजूचं साइड सील किंवा कॉर्नर सील. माझ्यात एकच बाजू जास्त पडलीये, ५.४ वाली. आप्पांनी खुर्चीवर बोट वाजवून जो मऊ ठोका सांगितला होता तोच.

झिजली कशाने, तर माझ्याच हाताने, दुसरं कोण. रोटरी तेल जाळते, तो बिघाड नाही, तिची रचनाच तशी आहे, एक छोटा पंप इंजिन ऑइल थेंबथेंब आत सोडत असतो सीलांसाठी. म्हणून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची असते. मी सहा-सहा महिने बघायचो नाही. आणि प्रत्येक फ्लडला सील कोरड्याने घासले गेले ते वेगळं. आता पेट्रोलमध्ये लिटरला चार-पाच मिली टू-स्ट्रोकचं ऑइल टाकतो. आमच्या पंपावरचा म्हातारा पहिल्यांदा बघून इतका खूश झाला, म्हणे लुना आणि राजदूतनंतर कुणी तेल मागितलंच नव्हतं, एवढ्या मोठ्या गाडीला लुनाचं दूध कशाला पाजता.

आणखी एक, उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं, आपल्या उन्हात तर लवकरच. म्हणून आठवड्याला एकदा पूर्ण गरम होईपर्यंत फिरवा, नुसती दोन मिनिटं सुरू करून बंद करणं म्हणजे फ्लडला आमंत्रण.

सध्याची स्थिती अशी की गार असताना दुसऱ्या ठोक्याला सुरू होते, मार्च ते जून सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बाहेर काढत नाही, आणि इंजिन दिवाळीनंतर उतरवायचं ठरलंय. आप्पा म्हणतात मी पण बघायला येतो, पिस्टन नसलेलं इंजिन आतून कसं असतं ते मरायच्या आधी एकदा बघायचंय. अमळनेरच्या काकांनी पण नंबर लावून ठेवलाय. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी ठेवायची, वांगी बामणोदची, एवढं आत्ताच ठरलंय, सील किटचं अजून ठरायचंय.